बोटांची भाषा आणि यंत्र



शेवगांवच्या बाजारांत कापसाची गाडी येऊन उभी राहिली म्हणजे व्यापारी प्रथम नजर टाकतो. पण भाव बोलण्यापूर्वीं तो ढिगांत हात घालतो. मूठभर कापूस दाबून ओल पाहतो, चिमटींत धरून ओढतो आणि तंतूची लांबी अजमावतो. पांढरेपणा डोळ्यांना दिसतो. ओल बोटांनाच कळते. आज त्याच कापसाचें चित्र मोबाइलवरून क्षणांत मुंबईस जातें, शेतकऱ्याचा आवाजहि जातो. मागें राहतो तो स्पर्श.

हा स्पर्श यंत्राच्या द्वारें पोंचवितां येईल काय, या प्रश्नाच्या अभ्यासास ‘हॅप्टिक्स’ म्हणतात. त्याचा पाया जुना आहे. जर्मन शरीरशास्त्रज्ञ अर्न्स्ट वेबर यानें 1834 सालीं स्पर्शावरील आपला लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला. हातावरील वजन वाढल्याचें कळणें हें त्या वाढीच्या मूळ वजनाशीं असलेल्या प्रमाणावर अवलंबून असतें, असें त्यास आढळलें. पावशेर साखरेंत मूठभर भर पडली तर हाताला कळते. तीच मूठ पोत्यांत पडली तर कळत नाहीं.

हा नियम आज नव्या कामीं आला आहे. दूरच्या यंत्रहाताला झालेला विरोध येथील माणसाच्या हाताला जाणवावयाचा, तर त्या जोराची नोंद सेकंदाला सुमारें 1000 वेळां करावी लागते. चित्रपटांत डोळ्यांचें समाधान 24 चित्रांवर होतें. मग जो फरक हाताला कळणारच नाहीं, तो पाठवावा कशाला? म्यूनिक येथील संशोधकांनीं ही युक्ति वेबरच्या नियमावर बसविली. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेंतील प्रा. सुभाषिस चौधुरी यांनीं अमित भारद्वाज यांच्यासह या जाणिवेच्या सीमेचा बारकाईनें अभ्यास केला. त्यावरील त्यांचा ग्रंथ 2018 सालीं प्रसिद्ध झाला. मूर्तीचें प्रतिरूप संगणकांत उभें करून तें हातानें चाचपतां यावें, यासाठींहि पवईस प्रयत्न झाले आहेत.

मोबाइलची थरथर हें याच विद्येचें घरगुती रूप होय. त्वचेच्या खोल थरांतील पॅसिनी नांवाच्या संवेदनाग्राहकांना सेकंदाला 250 च्या आसपासचीं कंपनें सर्वांत चांगलीं कळतात. त्यामुळें गुळगुळीत कांचेवरहि कळ दाबल्याचा भास निर्माण करतां येतो.

पण डोळसाला जी गंमत, ती अंधाची गरज आहे. लुई ब्रेलनें 1829 सालीं सहा उठावदार ठिपक्यांची लिपि प्रसिद्ध केली आणि अक्षर बोटांखालीं आणलें. जुन्या फोनवर पांचाच्या कळेवर एक लहान उंचवटा असे. तेवढ्या आधारावर अंध मनुष्य बिनचूक अंक फिरवी. कांच आली आणि तो उंचवटा गेला. फोन आतां बोलून दाखवितो खरा. परंतु बँकेची शिल्लक चारचौघांत मोठ्यानें ऐकणें कोणास आवडेल? नोटेवरहि स्पर्शखुणा आहेत: शंभराच्या नोटेवर उठावाचा त्रिकोण व कडेला 4 रेघा, पांचशेच्या नोटेवर वर्तुळ व 5 रेघा. पण नोट हातोहात फिरली कीं उठाव झिजतो.

म्हणून या संशोधनाची कसोटी प्रयोगशाळेंत नव्हे, बाजारांतच लागावयाची आहे. अंध गिऱ्हाइकानें आपले पैसे आपल्याच बोटांनीं मोजावे, आपला हिशेब दुसऱ्याला न ऐकवितां जाणावा आणि दुकानदारानें दिलेली मोड निःशंकपणें खिशांत घालावी. कापूस पारखणाऱ्या हाताचा जो मान आहे, तोच त्याच्याहि हाताला मिळाला, तर यंत्राला स्पर्श कळला असें खुशाल म्हणावें.