अर्ची, सुभद्रा आणि तीस दिवसांची नोटीस

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजचा विषय फलकावर लागला तेव्हा मंडळातल्या ज्येष्ठांपैकी एक-दोघांनी विचारलं, "अहो, बाप्पासमोर पळून जाणाऱ्यांच्या सिनेमावर कसलं भाषण?" आम्ही म्हटलं, काका, गेली कित्येक वर्षं आगमनाला आणि विसर्जनाला त्याच्यासमोर 'झिंगाट'च वाजतंय की. ते गाणं कुठल्या सिनेमातलं आणि त्या सिनेमात पुढे काय होतं, हे बाप्पाला एव्हाना माहीत झालंच असेल. आपण तेवढं गाण्यापाशी थांबतो.

नागराज मंजुळे यांचा 'सैराट' २९ एप्रिल २०१६ ला लागला. शंभर कोटींच्या पुढे गेलेला पहिला मराठी सिनेमा. नायिका रिंकू राजगुरू ही अकलूजची शाळकरी पोर, तिला राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळाला. हे सगळं तुम्हांला माहीत आहे, म्हणून त्यात वेळ घालवत नाही. आम्हांला बोलायचं आहे ते त्यातल्या हसण्याविषयी. कारण सैराट पहिला दीड तास विनोदी आहे. क्रिकेटच्या सामन्याची कॉमेंट्री, विहिरीतल्या उड्या, बुलेटवरून कॉलेजला येणारी आणि ट्रॅक्टर चालवणारी अर्ची, तिच्या पुढ्यात तोंडातून शब्द न फुटणारा परशा, आणि त्याचे दोन दोस्त, लंगड्या आणि सल्या. थिएटर कसं हसत होतं ते आठवा. पण त्याच हसण्यात एक चपराक बसते. वर्गात शिकवणाऱ्या सरांच्या कानाखाली पाटलांचा पोरगा प्रिन्स आवाज काढतो, आणि त्याच्या घरी कुणालाही त्यात वावगं वाटत नाही. तिथूनच गुन्ह्याला सुरुवात झालेली असते. आपलं लक्ष मात्र गाण्यांकडे असतं.

प्रेमात पडलेली जोडी, मागे लागलेली माणसं, हातात आलेलं पिस्तूल, आणि हसता हसता घशाला पडणारी कोरड. असा सिनेमा जगात पुष्कळ ठिकाणी झाला. अमेरिकेत १९६७ साली 'बॉनी अँड क्लाइड' आला. बॉनी पार्कर आणि क्लाइड बॅरो ही खरी माणसं, बँका लुटत फिरणारी. २३ मे १९३४ ला लुइझियानात रस्त्यावर पोलिसांनी दबा धरून त्यांना गोळ्या घातल्या. सिनेमात मोटारी पळतात तेव्हा मागे बँजो वाजतो आणि प्रेक्षक हसतो. शेवटी तोच प्रेक्षक खुर्चीला खिळतो. पुढे १९९३ चा 'ट्रू रोमान्स', तो टॅरँटिनोने लिहिलेला. आपल्याकडे हिंदीत 'बंटी और बबली' झाला, पण तो गोड मानून घेतलेला मामला. तिकडच्या आणि सैराटच्या जोडीत एक मोठा फरक आहे. बॉनी आणि क्लाइड गुन्हा करून पळतात. अर्ची-परशाने काहीच केलेलं नाही. पळणं हाच त्यांचा गुन्हा, आणि तोसुद्धा दुसऱ्यांनी ठरवलेला. पोलीस ठाण्यात परशावर आणि त्याच्या दोस्तांवर बलात्काराची खोटी फिर्याद तयार होते, आणि ती उधळून लावायला अर्चीलाच उभं राहावं लागतं. सरकारी कागद कसा तयार होतो हे ज्यांनी जवळून पाहिलं आहे, त्यांना तो प्रसंग मारामारीपेक्षा जास्त भीतीदायक वाटेल.

आता कुणी म्हणेल, ही पळून जाण्याची थेरं सिनेमाने शिकवली. तर थोडं मागे जाऊ. मराठी रंगभूमीवरचं सर्वांत लाडकं संगीत नाटक कुठलं? 'सौभद्र'. १८८२ साली पुण्यात त्याचे पहिले अंक रंगमंचावर आले. लिहिणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, आणि सरकारी कचेरीत नोकरी केलेले. (नोकरदारांच्या हातून नाटकं होत नाहीत म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.) या नाटकाची कथा काय? थोरल्या भावाने बहिणीचं लग्न दुर्योधनाशी ठरवलंय, बहिणीचा जीव अर्जुनावर, आणि धाकटा भाऊ दोघांना पळून जायला मदत करतोय. अर्जुन यतीचा वेष घेऊन घरात शिरतो आणि बलरामदादा त्याची सेवा करायला बहिणीलाच पाठवतात. आपल्या आजोबा-पणजोबांनी रात्र-रात्र जागून, वन्समोअर देऊन हे नाटक पाहिलं. एकानेही म्हटलं नाही की पोरी बिघडतील.

त्याहूनही मागे जा. रुक्मिणीने पत्र पाठवून कृष्णाला बोलावून घेतलं आणि त्याच्या रथात बसून ती गेली. तिचा भाऊ रुक्मी सैन्य घेऊन पाठलागावर निघाला. हा भागवतातला प्रिन्सच म्हणायचा. कृष्णाने त्याला बांधला आणि अर्धवट भादरून सोडून दिला. विनोदी म्हणा, क्रूर म्हणा, दोन्ही आहे. आणि गंमत अशी की मुलीचं लग्न लवकर जमावं म्हणून आपल्याच घरांत एकनाथांच्या 'रुक्मिणी स्वयंवरा'चं पारायण करायला तिला बसवतात. भावाने ठरवलेलं स्थळ नाकारून स्वतः पत्र लिहिणाऱ्या मुलीची ती गोष्ट. पोथी वाच, पण पोथीतल्यासारखं करू नकोस, एवढंच आपलं म्हणणं. रुक्मिणीचा रथ हाकायला देव होता, सुभद्रेचा कट रचायला देव होता. अर्चीकडे लंगड्या आणि सल्या होते, आणि दोघांनाही रस्त्यावर बेदम मार बसला.

आपल्या भागात येऊ. निपाणीला रेल्वे नाही. पळणाऱ्याला स्टँडच गाठावा लागतो, आणि स्टँडवर चुलत्याचा मित्र, शाळेचे सर, तंबाखूच्या वखारीतले दिवाणजी, कुणी ना कुणी भेटतंच. कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर. कोगनोळी ओलांडली की राज्य बदललं, पोलीस बदलले, फलकावरची भाषा बदलली. पलीकडचे इकडे येतात, इकडचे पलीकडे जातात. सीमेसाठी आपण साठ-सत्तर वर्षं भांडतोय, पण तिचा खरा उपयोग या पोरांनाच कळला असावा. आणखी एक पाहा. मराठीत आपण 'पळून गेली' म्हणतो, शेजारचे कन्नडमध्ये 'ओडि होदळु' म्हणतात. दोन्ही भाषांत क्रियापद मुलीच्या नावावर. गेलेले असतात दोघं, पण 'मुलगा पळाला' असं कुठल्याच गल्लीत ऐकू येत नाही. भाषावादात इतकी एकवाक्यता आम्ही दुसरीकडे पाहिली नाही.

बरं, पोहोचली जोडी पलीकडे. पुढे काय? वेगळ्या धर्माचे असतील, किंवा भटजी न बोलावता सरकारदरबारी लग्न करायचं असेल, तर विशेष विवाह कायदा आहे, १९५४ चा. तो काय सांगतो ते ऐका. ज्या जिल्ह्यात नोटीस द्यायची तिथे दोघांपैकी एकाने आधी तीस दिवस राहिलेलं असलं पाहिजे. मग ती नोटीस कचेरीत सहज दिसेल अशा ठिकाणी लावायची. नोटिशीची वही कुणालाही पाहता येते. पुन्हा तीस दिवस थांबायचं, कुणाची हरकत येते का ते बघायला. आणि वर, मूळचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर नोटिशीची प्रत त्या जिल्ह्याच्या अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथल्याही कचेरीत चिकटवली जाते. म्हणजे जीव मुठीत धरून पोरं पळाली, आणि त्यांच्या मागोमाग त्यांचा ठावठिकाणा सरकारी खर्चाने घरी पोहोचला. आम्ही कचेरीत बसणारी माणसं, कायद्याला हसत नाही. पण काळा विनोद म्हणजे काय असं कुणी विचारलं तर सिनेमाऐवजी हे कलम वाचून दाखवू. शेवटी साक्षीदार लागतात तीन. लंगड्या झाला, सल्या झाला. तिसरा कोण?

हा तिसरा साक्षीदार हाच आमचा आजचा खरा विषय आहे. २७ मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने 'शक्ती वाहिनी' प्रकरणात निकाल दिला. दोन सज्ञान माणसांच्या लग्नात जातपंचायतीने, जमावाने पडायचं कारण नाही, अशा जोडप्यांना पोलिसांनी संरक्षण द्यावं, राहायला सुरक्षित जागा द्यावी, जिल्ह्यात त्यासाठी पथक असावं, असं त्यात स्पष्ट आहे. निकाल चांगला आहे. पण पोर पहिल्यांदा निकालाकडे जात नाही. ती मावशीला फोन करते, आत्याला करते, वरच्या गल्लीतल्या काकांना करते. आपण इथे जे बसलोय, तीन-तीन पिढ्या एकाच वाड्यात राहिलेले, लग्नाच्या याद्या करणारे, स्थळं सुचवणारे, त्यांच्यातल्याच कुणाला तरी तो फोन येतो. सिनेमा पाहताना प्रत्येकजण परशाच्या बाजूने असतो. पण फोन वाजतो तेव्हा गावात आपली जागा तात्या पाटलांच्या ओसरीवर असते. तात्या दांडगे आहेत, आपण सभ्य आहोत, हा फरक आहेच. तरी ओसरी तीच.

हैदराबादचा भाग लोकांना कंटाळवाणा वाटला, असं पुष्कळांकडून ऐकलं. आम्हांला उलट तोच आवडतो. डोसे विकणारी सुमनअक्का या दोघांना आसरा देते. छाया कदम यांनी ती भूमिका काय सुंदर केली आहे. ना ओळख, ना नातं, ना जात विचारलेली. पाटलाची पोर बाटल्यांच्या कारखान्यात कामाला जाते, तेलुगू शिकते. परशा डोसे घालतो. मग भांडण, संशय, एक थप्पड, तिचं निघून जाणं, परत येणं. पळून गेल्यावर संसार कसा असतो हे इतर सिनेमे दाखवत नाहीत, त्यांचं काम लग्नापाशी संपतं. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला त्या तेलुगूने बुचकळ्यात टाकलं. आपण सीमाभागातले, घरात एक, बाजारात दुसरी आणि कचेरीत तिसरी भाषा बोलणारे. अर्चीची ती धडपड आपल्याला शिकवायला नको.

आणि त्याच अर्चीने पुढे कन्नडही बोलून दाखवलं. २०१७ साली एस. नारायण यांनी 'मनसु मल्लिगे' काढला, सैराटचाच कन्नड अवतार. नायिका तीच, रिंकू राजगुरू. संगीत तेच, अजय-अतुल. हिंदीत 'धडक' झाला तो २०१८ मध्ये, चकचकीत, पण जातीचा काटा बोथट केलेला. आपल्याकडे मात्र एकाच पोरीला मराठी घरांनी मराठीत आणि कन्नड घरांनी कन्नडमध्ये मरताना पाहिलं. मोर्चे वेगवेगळे, ओसऱ्या सारख्याच.

शेवटाबद्दल थोडं बोलतो. अर्ची आईला फोन करते. मूल झालंय, राग निवळला असेल असं तिला वाटतं. मग एके दिवशी माहेरची माणसं दारात उभी. हातात आहेर, कपडे, फळं. ती चहा टाकते. पाहुणे चहा घेतात. पुढचं आम्ही सांगत नाही. एवढंच म्हणतो की त्या प्रसंगात आरडाओरडा नाही, शिवी नाही, सगळं रीतीनुसार आहे. आपल्या घरी पाहुणे येतात तसंच.

अध्यक्षांकडे एक विनंती आहे. मंडळाकडे पडदा आहे, प्रोजेक्टर आम्ही आणतो, परवानग्या रीतसर काढू. अनंत चतुर्दशीच्या आधी एका रात्री हा सिनेमा पहिल्यापासून शेवटपर्यंत लावू. कॉलेजची पोरं आणि त्यांचे आईबाप यांनी एकत्र बसून बघावा. 'झिंगाट'ला नाचायचं तर नाचा. फक्त अगदी शेवटी सगळा आवाज बंद होतो, पाट्याही मुक्याने सरकतात. तेव्हा मागून कुणी "अरे, स्पीकर बघा की ओ!" म्हणून ओरडू नये. स्पीकर चालूच असतो.