किल्ली कुणाच्या हाती?



आपल्या सल्ला केंद्रात आलेल्या बाईला, तिच्यासोबतच्या नवऱ्यालाही, मी वाय-फायचा पासवर्ड सहज देत असे. राउटरच्या नियंत्रण-पानाचा पासवर्ड मात्र खोक्यातून आला तसाच, 'अ‍ॅडमिन' होता. बाहेरच्या बाकावर बसून कुणीही १९२.१६८.१.१ हा पत्ता टाकावा, कोणकोणते मोबाइल जोडलेत ते पाहावे, आम्हालाच बाहेर काढावे!

हे कळले तेव्हा मी हादरले. आता तो पासवर्ड बदलला आहे. ते पान वाय-फायवरून आणि बाहेरच्या इंटरनेटवरून बंद केले. फक्त केबलने जोडलेल्या कार्यालयीन संगणकावर उघडते. पाहुण्यांसाठी वेगळे वाय-फाय ठेवले. केसपेपरच्या कपाटाला आपण कुलूप लावतोच ना?

आज घरी गेल्यावर विचारा: आपल्या राउटरची किल्ली कुणाकडे आहे?