सिस्टीम चढली, संगणक उठेना



या व्यासपीठावर एरवी संतसाहित्य असतं, इतिहास असतो, फार तर अर्थसंकल्प. आज संयोजकांनी मला बंद पडलेल्या संगणकावर बोलायला उभं केलंय. कारण तसंच आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. घरोघरचे धडधाकट संगणक त्यात बसत नाहीत. मग लोक लिनक्सकडे वळतात: कुणी उबुंटू टाकतं, कुणी मिंट, कुणी आपल्या सी-डॅकची बॉस. पट्टी शंभर टक्क्यांपर्यंत जाते, संगणक रीस्टार्ट होतो आणि काळ्या पडद्यावर पांढरी ओळ येते: ‘नो बूटेबल डिव्हाइस’.

इथे घरातला हुशार भाचा किंवा कोपऱ्यावरचा दुकानदार एकच सल्ला देतो, ‘फॉरमॅट मारा.’ माझं आजचं सगळं भांडण त्या सल्ल्याशी आहे. पुष्कळदा नवी सिस्टीम डिस्कवर नीट चढलेली असते; तुटलेली असते तिथवर जायची वाट. ती कुठे तुटली याचा अंदाज पडद्यावरच्या ओळीतून येतो. आपण ती ओळ वाचत नाही, इतकंच.

बटण दाबलं की प्रोसेसर आधी मदरबोर्डवरच्या चिपमधलं फर्मवेअर चालवतो. ते मेमरी, कीबोर्ड, डिस्क तपासतं आणि मग पुढचं काम कुणाकडे सोपवायचं ते शोधतं. हे शोधायच्या दोन पद्धती आहेत.

जुनी पद्धत बायॉसची. बायॉस डिस्कचा अगदी पहिला सेक्टर वाचतो. तो ५१२ बाइटांचा. त्यात ४४६ बाइट सुरुवातीच्या प्रोग्रॅमला, ६४ बाइट चार पार्टिशनांच्या तक्त्याला आणि शेवटचे दोन ‘५५ एए’ या खुणेला. ४४६ बाइट म्हणजे किती? यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या एकेका चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे काना-मात्रा धरून दीडशेही चिन्हं मावत नाहीत. एवढ्याशा जागेत अख्खा लोडर, म्हणजे सिस्टीम सुरू करून देणारा प्रोग्रॅम, कुठला बसणार? म्हणून हा तुकडा पुढच्या तुकड्याला हाक मारतो. लिनक्सचा ग्रब हा लोडर असाच तुकड्यातुकड्यांनी बसतो. विंडोजमध्ये बसून कुणी ‘हे पार्टिशन उगाच जागा खातंय’ म्हणत लिनक्स पुसून टाकलं, की पहिला तुकडा राहतो, पुढचा जातो आणि ‘ग्रब रेस्क्यू’ एवढंच लुकलुकत बसतं.

नवी पद्धत यूईएफआय. इथे फॅट३२ घाटणीचं एक छोटं पार्टिशन असतं, त्यात लोडर साध्या फाइलसारखा ठेवलेला असतो आणि त्या फाइलचा पत्ता मदरबोर्डच्या स्मरणात नोंदलेला असतो.

घोटाळा होतो तो दोन्हींच्या सरमिसळीत. बूट मेन्यूत एकाच पेनड्राइव्हची दोन नावं दिसू शकतात. एकाच्या आधी ‘यूईएफआय’ लिहिलेलं असतं, दुसऱ्याच्या नाही. घाईत दुसरं निवडलं की विंडोजचा इन्स्टॉलर निदान अडवतो तरी: डिस्क जीपीटी शैलीची (म्हणजे यूईएफआयबरोबरच्या नव्या पार्टिशन-तक्त्याची) आहे, इथे बसवता येणार नाही. त्यावर माणूस काय करतो? सगळी पार्टिशनं पुसतो, फोटोंसकट! मेन्यूत परत जाऊन पहिलं नाव निवडायचं होतं, बस्स.

परिचयातल्या एका बाईंनी नवी एसएसडी घेतली, तिच्यावर विंडोज टाकली. महिनाभर झकास चाललं. मग जुनी, कुरकुरणारी हार्डडिस्क काढली आणि संगणक उठेना. एसएसडीच खराब निघाली म्हणून त्या ती परत करायला निघाल्या होत्या. विंडोज एसएसडीवर होती, पण जुन्या डिस्कवर यूईएफआयचं छोटं पार्टिशन आधीच असल्यामुळे इन्स्टॉलरने लोडर तिथेच ठेवला होता. पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून एसएसडीवर तसंच पार्टिशन केलं, ‘बीसीडीबूट’ ही आज्ञा दिली, काम झालं. सिस्टीम टाकताना दुसऱ्या डिस्कची केबल काढून ठेवली असती, तर एवढंही करावं लागलं नसतं.

निळा पडदा आणि ‘इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असं आलं, तर घाबरू नका, उलट बरं समजा. फर्मवेअरला लोडर सापडला, लोडरला विंडोज सापडली. विंडोजला मात्र आता स्वतःची डिस्क वाचता येत नाहीये. कुणी फर्मवेअरमधल्या डिस्क वाचायच्या सेटिंगमध्ये आरएसटीचं एएचसीआय केलंय का, ते आधी विचारा. केलं असेल तर होतं तसं करा.

राहता राहिलं सिक्युअर बूट. सही नसलेला लोडर ते चालू देत नाही. कधी कधी सही असलेलाही अडकतो. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटने काही जुन्या लोडरांवर बंदी आणली आणि शेजारी लिनक्स ठेवणाऱ्या अनेकांचा लिनक्स उठेना. अशा वेळी लोक सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करतात. करा, पण एक सांभाळा. डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असेल, तर या बदलानंतर विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकते. पुष्कळांना आपल्याकडे बिटलॉकर आहे हेच तेव्हा कळतं. की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, मोबाइलवरूनही दिसते. ती आधी कागदावर उतरवा, दोनदा ताडून पाहा, मगच सेटिंगला हात लावा.

आता प्रश्न घेऊ या. कुणी लॅपटॉप बरोबर आणला असेल, तर चार्जरही घेऊन पुढे या.