मावळचे पाणी आणि जबाबदारीच्या वाटण्या



कार्ल्याच्या लेण्यात सातवाहन काळातील एक राजाज्ञा कोरलेली आहे. करजिक हे गाव लेण्यातील भिक्षुसंघाच्या निर्वाहासाठी दिले असल्याचे राजा तीत मामाल प्रांताच्या अमात्यास कळवितो. मामाल म्हणजेच आपले मावळ. आज्ञा देणारा एक, ती पाळणारा एक. प्रजेला मात्र जाब विचारण्याचा हक्क नव्हता. आज तो हक्क आपणास संविधानाने दिला आहे. परंतु जाब कोणास विचारावा, हेच पुष्कळांना ठाऊक नसते.

पाण्याचेच घ्या. लोणावळा आणि वळवण येथील टाटांच्या तलावांचे पाणी 1915 पासून घाट उतरून खोपोलीस वीज निर्माण करते, आणि ती वीज मुंबईसाठी योजिलेली होती. पवना धरणाचे पाणी पिंपरी-चिंचवडला जाते. ते बंद जलवाहिनीतून नेण्याच्या योजनेविरुद्ध 9 ऑगस्ट 2011 रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर शेतकरी जमले, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात तिघांचे प्राण गेले. त्यांत एक स्त्री होती.

धरणातील पाणी कोणास किती, हे राज्य सरकार ठरविते. गावची नळयोजना ग्रामपंचायत व जिल्हा परिषद यांच्याकडे, तर लोणावळ्यात ती नगरपरिषदेकडे. 2019 साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनच्या खर्चाचा निम्मा वाटा केंद्राचा, निम्मा राज्याचा ठरला. या सर्वांचा मेळ घालण्यासाठी 74 व्या घटनादुरुस्तीने जिल्हा नियोजन समिती निर्माण केली. तिचे किमान चार-पंचमांश सदस्य जिल्हा परिषद व नगरपालिकांच्या निर्वाचित सदस्यांतून निवडले जावेत, असे संविधान सांगते. महाराष्ट्रात तिच्या अध्यक्षस्थानी पालकमंत्री असतात. म्हणजे खालून वर जाणाऱ्या योजनेच्या वाटेवर राज्य सरकार बसलेलेच आहे!

समतोल विकासाचा विचार आपल्या राज्यात झाला नाही, असे नाही. 1983 साली नेमलेल्या दांडेकर समितीने जिल्हा हा घटक धरून अनुशेष मोजला, आणि विदर्भ-मराठवाड्यावरील अन्याय आकड्यांनी उघड केला. ते आवश्यकच होते. परंतु जिल्ह्याची सरासरी काढली की पुणे शहर आणि पवन मावळातील वाडी एकाच तागडीत बसतात. गावाची सरासरी काढली तर गावातील विहीर आणि आपली वस्ती एकाच तागडीत!

बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत खेड्याविषयी कठोर शब्द उच्चारले, ते याच अनुभवातून. सत्ता गावात आली म्हणजे ती वस्तीत येतेच असे नाही. पुढे 73 व्या घटनादुरुस्तीने पंचायतीत अनुसूचित जातींसाठी जागा राखून ठेवल्या. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासासाठी राज्याचा स्वतंत्र निधी जिल्हा परिषदेमार्फत खर्च होतो.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेस स्त्रियांसह जा. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा मागा आणि त्यात आपल्या वस्तीचे नाव शोधा. ते नसेल, तर आपली मागणी इतिवृत्तात लिहून घ्या आणि त्याची नक्कल घेऊनच घरी परता.