ग्रंथसूचीचा वेग आणि अनुस्वाराचा प्रश्न



मराठीच्या अध्यापकाने डेटाबेसच्या गतीविषयी बोलावे, हे आपणांपैकी कित्येकांना विपरीत वाटेल. मलाही वाटले. परंतु आपल्या संगणकीय ग्रंथसूचीची रखडपट्टी का होते हे पाहण्यासाठी मंडळाने जी समिती नेमली, तीत माझे नाव घातले गेले. आणि तेथे जे शिकायला मिळाले ते शताब्दीच्या निमित्ताने सभासदांपुढे ठेवावे, असा आग्रह झाला.

ग्रंथ शोधायला लागणारा वेळ हा बडोद्याला नवा विषय नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम अ‍ॅलन्सन बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना येथे आणले. १९१३ पर्यंत ते राहिले आणि या संस्थानासाठी वर्गीकरणाची स्वतंत्र पद्धत आखून गेले. पुढे डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतील चौथा, वाचकाचा वेळ वाचवावा, हा होय. आपला संगणक नेमका हाच नियम मोडीत होता.

सायंकाळच्या गर्दीत पुस्तकाचे नाव टाकले की पडद्यावरचे चक्र फिरतच राही. आपले देवघेवीचे काका एकदा मला म्हणाले, “सर, ह्याचं चालू द्या, तोवर मी कपाटातून पुस्तकच घेऊन येतो.” आणि ते खरोखर घेऊन आले! पण ज्या सभासदांना काकांची स्मरणशक्ती लाभत नसे, त्यांना ‘पुस्तक नाही’ असे उत्तर मिळे. पुस्तक मात्र कपाटात असे. मला खरी टोचणी याची होती.

यंत्र जुने झाले, नवे घ्यावे, असे बहुतेकांचे मत पडले. दरपत्रकेही आली होती. माझा एक माजी विद्यार्थी याच व्यवसायात आहे, तो म्हणाला, “सर, आधी मोजू या. ताप न बघता औषध कसं देणार?” डेटाबेस आपल्या कामाची नोंदवही स्वतःच ठेवू शकतो. कोणत्या प्रश्नाला किती वेळ लागला, त्यासाठी किती नोंदी वाचाव्या लागल्या, हे तीत उतरते. मात्र ती वही सुरू करावी लागते. आपली कधीच सुरू केलेली नव्हती.

पंधरा दिवसांची वही वाचल्यावर दोष यंत्राचा नाही हे दिसले. सापडलेल्या प्रत्येक पुस्तकासाठी, ते बाहेर गेले आहे काय हे पाहण्याकरिता, संगणक देवघेवीची अख्खी वही पहिल्या पानापासून वाचत होता. समजा पन्नास नावे सापडली आणि देवघेवीच्या नोंदी आठ लाख असल्या, तर वाचन झाले चार कोटी नोंदींचे. नोंदी थोड्या होत्या तेव्हा हे कोणाच्या लक्षात आले नाही. दरवर्षी वही वाढली आणि वेग मंदावला. ग्रंथक्रमांकावर सूची असती, तर हे घडते ना.

ही सूची म्हणजे काय? रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्राइट यांनी बोइंग कंपनीच्या संशोधनशाळेत ‘बी-ट्री’ नावाची रचना सिद्ध केली. त्यांचा लेख १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. एका पानावर शंभर वाटा दाखवल्या, तर तीन पाने उलटताच दहा लाखांतील एका नोंदीपर्यंत पोहोचता येते. मी उत्साहाने म्हटले, मग सगळ्याच रकान्यांना सूच्या लावा. विद्यार्थ्याने मान हलवली. प्रत्येक नव्या नोंदीबरोबर प्रत्येक सूचीही लिहावी लागते. एका पुस्तकाची लेखक, शीर्षक आणि विषय अशी तीन-तीन कार्डे ज्यांनी हाताने लिहिली आहेत, त्यांना हे समजावून सांगायला नको.

पण एका शोधात पन्नास नावे सापडत तरी का होती? येथे माझा विषय सुरू होतो. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये स्वीकारले गेले आणि अनुच्चारित अनुस्वार गेले. आपला निम्मा संग्रह त्याआधीचा. मुखपृष्ठावर ‘नाहीं’, ‘कांहीं’. सभासद लिहिणार ‘नाही’, ‘काही’. संगणकाच्या लेखी हे शब्द निराळे. एकदा अपयश आले की सभासद नावाचा मधलाच एखादा तुकडा टाकीत, आणि त्या तुकड्याला डझनावारी पुस्तके जुळत. शिवाय मधल्या तुकड्यावरून शोधताना सूचीचा उपयोग होत नाही. मोल्सवर्थच्या कोशात ‘क’ने सुरू होणारे शब्द क्षणात सापडतात, ‘वान’ने संपणारे हवे असतील तर सगळा कोश चाळावा लागतो. कवितेसाठी यमके जुळवणाऱ्यांना हा अनुभव असेल.

समितीत एका सभासदांनी सुचवले की सर्व जुनी शीर्षके नव्या नियमांप्रमाणे सुधारून टाकावीत. मी त्यास ठाम विरोध केला. मुखपृष्ठावर जे छापले आहे तेच ग्रंथाचे नाव. आपल्या सोयीसाठी ते बदलण्याचा अधिकार आपल्याला नाही. अखेर मूळ शीर्षक तसेच ठेवून शेजारी एक अनुस्वाररहित रूप साठवण्याचे ठरले. सभासदाने लिहिलेल्या शब्दांतील अनुस्वारही शोधापूर्वी गळतो आणि दोन्ही रूपे जुळतात. यात ‘मंद’ आणि ‘मद’ एक होतात खरे. पण दोन पुस्तके जास्त दिसणे हे एक न दिसण्यापेक्षा बरे.

देवघेवीच्या वहीला सूची लागली त्याच संध्याकाळी चक्र फिरायचे थांबले. थकीत पुस्तकांची यादी ऐन गर्दीत निघत असे, ती सकाळी नेली. नवे यंत्र घेतले नाही. नोंदवही मात्र चालू ठेवली आहे. दर महिन्याला ग्रंथपाल ती वाचतात.

ऱ्हस्व-दीर्घाचे काम अजून उरले आहे. जुन्या ग्रंथांवरील ‘कवि’ आणि ‘गति’ आजच्या ‘कवी’ आणि ‘गती’ला अद्याप जुळत नाहीत. त्यासाठी अशा शीर्षकांची यादी डोळ्यांखालून घालावी लागेल, आणि हे एकट्याचे काम नव्हे. ज्यांना सवड असेल त्यांनी शनिवारी सकाळी वाचनकक्षात यावे. चहा ग्रंथालयाकडून मिळेल.