पाणी, सायकल आणि वाघाचा रस्ता

१५०० मीटर पोहणं, ४० किलोमीटर सायकल आणि शेवटी १० किलोमीटर धावणं, तेही सलग. ही ऑलिंपिक अंतराची ट्रायथलॉन. २००० साली सिडनीत ती ऑलिंपिकमध्ये आली. आपले अभिनेते मिलिंद सोमण यांनी २०१५ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, झुरिचची आयर्नमॅन, म्हणजे याहून कितीतरी लांब ट्रायथलॉन, पूर्ण केली. तिथं सायकलच १८० किलोमीटर!

नोकरी सांभाळून तयारी करणाऱ्याला आठवड्यात दोन-तीनदा पोहणं पुरतं. २५ मीटरच्या तलावात १५०० मीटर म्हणजे ६० फेऱ्या. दम लागतो तो बहुधा हातांमुळे नाही, श्वास पाण्यात न सोडल्यामुळे. डोकं वर काढलं की पाय बुडतात, आणि मग माणूस पाण्याशी भांडत बसतो.

रविवारी गटानं सायकल. पुढच्याच्या मागे राहिलं की वारा कमी लागतो, ताकद वाचते. गंमत अशी, की हौशी स्पर्धांत बहुतेक ठिकाणी असं आडोशाला राहणं नियमबाह्य! म्हणून एखाद्या दिवशी अंतर ठेवून एकट्याच्या बळावरही चालवावी.

एकट्याच्या बळावर म्हटलं, एकट्यानं नव्हे. उदाहरणार्थ, चंद्रपूरहून मूल गावाकडे जाणारा रस्ता जंगलातून जातो, आणि तो वाघाचाही आहे. तेव्हा अंधारात निघू नका, नीट उजाडू द्या. वाकून सायकल चालवणारा माणूस लांबून चार पायांचा दिसत असेल, कुणी सांगावं! उन्हाळ्यात मात्र पारा ४५ अंशांपुढे जातो; नऊच्या आत घरी या. बाटलीत पाण्यासोबत चिमूटभर मीठ, साखर आणि लिंबू.