लाटेच्या आधीचा भाग बघा



प्रलयाचे चित्रपट आपल्याकडे लहानथोर सगळेच आवडीने बघतात. जरूर बघा. माझं सांगणं एवढंच आहे, की लाट बघून झाली की मागे जा आणि लाटेच्या आधीचा भाग पुन्हा बघा.

1951 सालचा ‘व्हेन वर्ल्ड्स कोलाइड’ घ्या. निर्माते जॉर्ज पाल. दृश्यचमत्कारांसाठी त्याला ऑस्कर मिळालं. न्यूयॉर्कच्या रस्त्यांत घुसलेला समुद्र कोणी विसरत नाही. पण त्याआधी काय होतं? दक्षिण आफ्रिकेतल्या वेधशाळेत एका भटक्या ताऱ्याचा माग लागतो. आकडेमोड होते, तो पृथ्वीवर येणार हे कळतं. ही गोष्ट संयुक्त राष्ट्रांपुढे मांडली जाते, आणि तिथे बाकीचे शास्त्रज्ञच तिची टर उडवतात. माझ्या मते प्रलय तिथेच सुरू झाला. पाणी नंतर आलं.

घरातलं दूधच बघा ना. ते काही एकदम उतू जात नाही. आधी पातेल्याच्या कडेला बारीक बुडबुडे धरतात, मग साय थरथरते, मग मधोमध फुगते. आजी म्हणते, “गॅस बारीक कर.” त्या वेळी दूध पातेल्यातच असतं, म्हणून कोणी उठत नाही. मग फडकं आणा, ओटा पुसा, बर्नर घासा! आपले बहुतेक प्रलयपट या फडक्यापासून सुरू होतात. मला आजीचं वाक्य महत्त्वाचं वाटतं.

आपल्या जयंत नारळीकरांनी ते ओळखलं होतं. ‘हिमप्रलय’ या कथेत मुंबईत बर्फ पडतं; पण वसंत चिटणीस हा शास्त्रज्ञ ते आधीच सांगून बसलेला असतो आणि त्याचं कोणी मनावर घेतलेलं नसतं. त्यांच्या ‘धूमकेतू’ कथेवर चिल्ड्रन्स फिल्म सोसायटीने 1985 मध्ये हिंदी चित्रपट काढला. त्या कथेत धूमकेतूची दिशा बदलायला जगभरचे शास्त्रज्ञ झटतात, आणि तो शोधणाऱ्याच्या स्वतःच्या घरी यज्ञ मांडला जातो. त्यावर बोलण्यासारखं खूप आहे, पण घड्याळ पुढे चाललंय आणि मला जेसल पार्कला यायचंय.

भाईंदर पूर्वेची आमची चौपाटी. संध्याकाळी मुलं भेळ खात रेल्वेपुलावरून जाणारी विरार गाडी बघत असतात. खाली वसईच्या खाडीच्या काठाला खारफुटी आहे. ओहोटीला जाऊन बघा, चिखलातून बोटाएवढी मुळं वर आलेली दिसतील. झाड त्यांतून श्वास घेतं. भरतीचं पाणी तिथे अडखळतं, मंदावतं, गाळ खाली टाकतं. त्या मुळांवर राडारोड्याचा एक ट्रक रिकामा झाला की ती बुजतात आणि झाड गुदमरतं. हेच ते कडेचे बुडबुडे, श्रोतेहो! 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, त्यात भरती होती. तो दिवस सगळ्यांना आठवतो. त्याआधी किती वर्षं भराव पडत होता, ते कोणी सांगत नाही.

2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर खारफुटी तोडायला बंदी केली आणि तिच्याभोवतीची 50 मीटरची पट्टीही राखायला सांगितली. कायदा आहे. बघणारा माणूस हवा. पुन्हा सांगतो, लाटेच्या आधी बघणारा.

वेळ संपत आली. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरच्या भरतीच्या तारखा वर्तमानपत्रांत येतात. त्या कापून कालनिर्णयच्या शेजारी लावा. मुलांना प्रलयपट दाखवलात, तर दुसऱ्या दिवशी ओहोटीच्या वेळी खाडीवर न्या आणि ती मुळं दाखवा. आणि खारफुटीत भराव पडताना दिसला, तर त्याच दिवशी फोटो काढून वनखात्याच्या कांदळवन कक्षाला कळवा. उद्यावर टाकू नका.